टिपणीसांनी मानलेले अमेरिकेचे आभार

बदलापूर गावात शशिकांत टिपणीस कोण असं विचारलं, तर पोस्टमन सोडून कुणी उत्तर दिलं नसतं. सगळे त्यांना आभारे म्हणत. वाचनालयाची व्याख्यानमाला सुरू झाली तेव्हा आभार मानायचं काम कुणालाच नको होतं, म्हणून ते ह्या गरीब माणसाच्या गळ्यात पडलं, ते पडलंच. तसे ते अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्समध्ये ऑफिसर. पण जानेवारी आला की रोज संध्याकाळी वक्त्याचे, अध्यक्षांचे, मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, सतरंज्या देणाऱ्या शाळेचे आणि कुडकुडत बसलेल्या श्रोत्यांचे आभार मानायचे. शेवटी ठरलेलं वाक्य, "अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व." तोवर निम्मे लोक चपला शोधत असत.

आता माणसाला हौस असते की नाही? टिपणीसांना एकच होती. एकदा, फक्त एकदा, आपण वक्त्याच्या खुर्चीत बसावं, शाल-नारळ घ्यावा, आणि दुसऱ्या कुणीतरी माइकवर आपलं नाव घेऊन आपले आभार मानावेत. हे त्यांनी बायकोला, सुहासिनीला, बोलूनही दाखवलं होतं. ती तेव्हा चहाचं पातेलं घासत होती. "बरं," एवढंच ती म्हणाली. व्याख्यानमालेचा चहा पहिल्या वर्षापासून तिच्या स्वयंपाकघरातून जायचा, आणि टिपणीस दरवर्षी माइकवर सांगायचे, "चहापानाची व्यवस्था मंडळाने केली, मंडळाचे आभार." मंडळाला साधं गाळणं धरता येत नव्हतं!

ब्याण्णव साली मंडळाने विषय घेतला अमेरिकेचा इतिहास. कारण काय, तर कोलंबस तिकडे पोचला त्याला पाचशे वर्षं होताहेत. खरं कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. अध्यक्ष चिंतामणरावांचा जावई न्यू जर्सीला होता. स्वतः चिंतामणराव महिनाभर तिकडे राहून आले होते, आणि तेव्हापासून पंखा कुरकुरला तरी म्हणायचे, "तिकडे असं नसतं."

वक्ते होते उल्हासनगरच्या कॉलेजातले प्राध्यापक छाबरिया. माणूस सिंधी, पण मराठीत काय बोलायचे! "बॉस्टनवाल्यांनी इंग्रजांचा चहा पूरा का पूरा समुद्रात फेकून दिला, साईं!" म्हटल्यावर मागच्या सतरंजीवरून शिट्टी आली. चार दिवस हॉल गच्च भरला. पण आपल्या लोकांचं आदरातिथ्य आडवं आलं. रोज एका सभासदाकडे जेवण, आणि प्रत्येकाला आदल्या घराच्या वरचढ व्हायचं. एकाने तळलेले बोंबील खाऊ घातले, दुसऱ्याने ऐन थंडीत श्रीखंड. चौथ्या रात्री चिंतामणरावांनी जावयाने पाठवलेल्या मशीनमधलं आइस्क्रीम आग्रह कर-करून वाढलं. पाचव्या संध्याकाळी प्राध्यापक आले ते मफलर गुंडाळून. तोंड उघडलं तर नुसती हवा.

"काळजी नको, मी आहे ना," चिंतामणराव कोट सावरत म्हणाले. "न्यू जर्सीवर तासभर सहज बोलेन."

मंडळाचे चिटणीस भगवान ह्यांचा चेहरा उतरला. प्राध्यापकांचा तर त्याहून, कारण आदल्या रात्री आइस्क्रीमबरोबर त्यांनी अख्खी न्यू जर्सी गिळली होती. त्यांनी थेट टिपणीसांकडे बोट केलं आणि उरल्यासुरल्या आवाजात घोगरले, "हे. हेच बोलणार. बस, फायनल."

टिपणीसांना शाल मिळाली, नारळ मिळाला, खुर्चीही मिळाली. ते उठून माइकपाशी गेले, घसा खाकरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, "आभार मानण्यासाठी मी इथे उभा आहे."

हॉल हसून हसून लोळला. माणूस पुरता फसला. शब्द मागे घ्यावेत तर पुढचं काही सुचेना. मग टिपणीस मनाशी म्हणाले, मानू या की, अख्ख्या अमेरिकेचे मानू या!

"सर्वप्रथम कोलंबसाचे आभार. ते निघाले होते इकडे यायला, वाट चुकले. चुकले नसते तर आपण त्यांना दीपप्रज्वलनाला उभं केलं असतं आणि आधी तिघांची मनोगतं ऐकवली असती. बॉस्टनच्या मंडळींचे आभार. त्यांनी चहा फेकला. आपल्याकडे फेकत नाहीत, परत उकळतात." टाळ्या पडायला लागल्या तसा टिपणीसांना जोर चढला. "तिकडच्या पहिल्या अध्यक्षांचे विशेष आभार. दोनदा खुर्चीत बसले आणि आपण होऊन उठले!" सगळ्या माना चिंतामणरावांकडे वळल्या. ते मंडळ स्थापन झाल्यापासून बसलेलेच होते.

मग टिपणीस कापसाच्या शेतांवर आले आणि हसणं हळूहळू थांबलं. "जहाजांतून कोंबून आणलेल्या त्या माणसांचे आभार. शेतं त्यांनी पिकवली, मालकांची घरं त्यांनी बांधली. त्यांची नावं अनवधानाने राहून गेली, त्याबद्दल क्षमस्व."

"अनवधानाने नाही, साहेब."

तिसऱ्या रांगेत भीमराव उभे राहिले होते. मांजर्लीत राहणारे, अंबरनाथला कारखान्यात फिटर, आणि व्याख्यानमालेचा एक दिवस न चुकवणारे. "मुद्दाम," ते म्हणाले. "काम घ्यायचं आणि नाव घ्यायचं नाही, हे कुणी विसरून करत नाही. आमच्या बापजाद्यांना विचारा."

टिपणीसांनी माइक जवळ ओढला. "बरोबर आहे, भीमराव. तो शब्द मी मागे घेतो. मुद्दाम." भीमराव मान हलवून खाली बसले, आणि मग जी टाळी पडली ती दोघांना मिळून होती.

भाषण संपवून टिपणीस खुर्चीत बसले. ऐन जानेवारीत शर्ट घामाने भिजला होता, पण काय तो आनंद! आता फक्त आभार. ते वाट बघू लागले. कुणीच उठेना. भगवान इकडेतिकडे बघायला लागले. आभार मानणारा माणूसच आज वक्ता, आणि इतक्या वर्षांत दुसरा तयार करावा असं मंडळाला कधी सुचलं नव्हतं. चिंतामणराव पुन्हा कोट सावरू लागले.

तेवढ्यात चहाच्या टेबलामागून सुहासिनी पदराला हात पुसत आली आणि तिने माइक हातात घेतला.

टिपणीस ताठ बसले. अरे बाप रे, हे तर मनातल्यापेक्षाही भारी! घरचंच माणूस, माइकवर, आपलं नाव घेणार!

"प्राध्यापकांचे आभार," सुहासिनी म्हणाली. "अध्यक्षांचे आभार, त्यांच्या आइस्क्रीमचे जास्त. चिटणीसांचे, मांडववाल्याचे, माइकवाल्याचे, शाळेच्या सतरंज्यांचे. नेमका शब्द सांगितला म्हणून भीमरावदादांचे. माझ्याबरोबर पातेली उचलणाऱ्या ठमाबाईंचे. तुम्हा सगळ्यांचे." टिपणीसांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, सगळी धाटणी त्यांचीच होती. आता आपण. आता आपणच.

"एक नाव राहिलंय," ती म्हणाली. "अनवधानाने नाही."

माइक जागेवर ठेवून ती चहा ओतायला निघून गेली.

आधी बायकांच्या बाजूला खसखस पिकली, मग सगळा हॉल खदखदला. टिपणीस कानापर्यंत लाल झाले. रागही आला, का नाही येणार? इतक्या वर्षांची हौस तिने भर सभेत चुलीत घातली होती. पण टेबलापलीकडे तिचे लाल झालेले, वाफेने पोळलेले हात दिसले, आणि सगळ्या वर्षांचा चहा त्यांच्या घशाशी आला. फार वाईट वाटलं त्यांना. नारळ खुर्चीत ठेवून ते टेबलापाशी गेले आणि उष्टे कप गोळा करायला लागले.

"भाषण मात्र छान झालं हो तुमचं," ती ओतता ओतता म्हणाली.

"मग पुढच्या वर्षी घेशील नाव?"

"आधी तुम्ही घ्या."

माइकवाला वायर गुंडाळायला निघाला होता. टिपणीसांनी त्याला हाताने थांबवलं आणि कप हातात तसेच धरून माइकपाशी गेले.

"चहा मंडळाचा नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता. सुहासिनी शशिकांत टिपणीस."

निम्मे लोक चपला शोधत होते. ते थांबले.