कंपनी म्हणजे भाकरी

"कंपनी म्हणजे काय? सांगा." चष्मा कपाळावर सरकवून आमचे पर्सोनेल ऑफिसर नव्या भरतीला पहिला प्रश्न हाच विचारत. उत्तरही स्वतःच देत. मग साहेब खुलत. 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र भाकरी खातात ती कंपनी. लॅटिन आहे, म्हणत, जसं काही यांच्या आजोळी लॅटिनच बोलायचे.

सुप्याच्या त्या कारखान्यात मी स्टोअरला होतो. बारा वर्षं हे व्याख्यान ऐकलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शब्दाचं मूळ तोंडपाठ, अर्थाशी देणंघेणं नाही. हे साहेब स्वतः केबिनला आतून कडी लावून जेवत. लोणच्याची फोडसुद्धा कुणाला दिली नाही कधी.

पॅकिंगला कंत्राटी बायका होत्या. कॅन्टीनचा पास फक्त कायम कामगारांना, त्यामुळे त्या गेटबाहेर भिंतीच्या टीचभर सावलीत जेवत. एका मे महिन्यात त्यांच्यातल्या पारनेरच्या मंदाबाई तिथेच चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. मी सही घ्यायला तिथेच उभा होतो. एवढा उन्हाळा आत बसू द्या, भाकरी आमची आम्ही आणतो, एवढंच त्यांचं मागणं.

"बाई, तुम्ही ठेकेदाराच्या. कंपनीच्या नाही," साहेब म्हणाले.

मला त्या माणसाची किळस आली. तरी साडेबाराला मी पास दाखवून कॅन्टीनमध्ये गेलो आणि पंख्याखाली बसून जेवलो, हेही सांगून टाकतो.

पुढे साहेब रिटायर झाले. पुढच्याच उन्हाळ्यात कसल्याशा दाखल्यासाठी आले, तेव्हा नेमकी जेवणाची सुट्टी होती. गेटवरच्या नव्या वॉचमनने ओळखलं नाही. पास नाही म्हणून बाहेरच थांबवलं. टक्कल तापलेलं, हातात फाइल. मी गेटच्या आतून पाहत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मंदाबाई जरा सरकल्या. "बसा सायेब," त्या म्हणाल्या, "हितं पास लागत न्हाई."

अर्धी भाकरी, वर ठेचा. साहेब फाइलवर बसले आणि मान खाली घालून खात राहिले. लॅटिन काही निघालं नाही. दाखला घेऊन गेले ते पुन्हा आले नाहीत.

मी मात्र तिथेच होतो, पास खिशात घेऊन. मला मंदाबाईंनी बोलावलं नाही.