बुवांच्या पिच्चरचे नंबर

कुठल्याही न कळणाऱ्या गोष्टीभोवती चार माणसं नेमानं बसली की किस्से साचतातच. कळणाऱ्या गोष्टीचं काय, ती कळते आणि माणसं उठून जातात!

आमच्या वाट्याला आला एक परदेशी दिग्दर्शक. घोडेगावच्या आमच्या डॉक्टरबाईंनी पुण्याहून एक हार्ड डिस्क आणली, त्यात त्याचे सगळे सिनेमे. नाव कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला 'बुवा' म्हणू लागलो. एका सिनेमात माणूस पाठीवर घराचं दार घेऊन गावोगाव फिरतो, एकात मासा टेलिफोनवर बोलतो, एकात बाईच्या छातीतून पाखरं उडतात. अर्थ विचारायचा नाही, फक्त नंबर लावायचे! पहिला कुठला, शेवटचा कुठला, यावर रविवारची दुपार जायची.

आम्ही चौघं. डॉक्टरबाई, जुन्नरचे कापडवाले कांतिलालशेठ, राजुरीचे शेतकरी निवृत्तीभाऊ, आणि मी, शाळेत भूगोल शिकवणारा. बैठक शेठच्या दुकानाच्या माडीवर.

*

पडदा म्हणजे शेठच्याच दुकानातलं मांजरपाट. तागा उलगडून भिंतीवर टांगायचा, सिनेमा संपला की गुंडाळून खाली फळीवर.

एकदा एक गिऱ्हाईक नेमका तोच तागा निरखत होतं. "शेठ, कोरा हाय ना? वापरलेला न्हाई ना?"

शेठ खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. क्षणभर विचार करून म्हणाले, "डाग एक नाही. पण मागच्या रविवारी यावरून एक मासा गेला!"

गिऱ्हाइकानं वास घेऊन तागा परत ठेवला.

*

एका दुपारी दाराचा सिनेमा ऐन रंगात आला आणि लाइट गेली. मग काय, शेवट काय असेल यावर जुंपली. निवृत्तीभाऊ म्हणाले, "त्यो दार नदीत टाकंल, आन् त्यावर बसून पल्याड जाईल." डॉक्टरबाई म्हणाल्या, "छे! दार उभं करील, उघडील, आणि पलीकडे त्याचंच गाव असेल."

संध्याकाळी लाइट आली. बुवांचा शेवट असा, की माणूस दार ठेवून चहा प्यायला जातो. संपलं!

मग निवृत्तीभाऊच म्हणाले, "राव, आपला पिच्चर भारी व्हता. पयला नंबर आपल्याला द्या, दुसरा बुवाला!"

पुढे बरेच दिवस बुवांनी न काढलेला सिनेमा आमच्याकडे एक नंबरवर होता.

*

डॉक्टरबाई दवाखान्यातूनही वाद सोडायच्या नाहीत. एकदा मी फोनवर पाखरांचा सिनेमा खोटा म्हणालो आणि त्या भडकल्या. समोर डोंगरातल्या गावातून एसटीनं आलेली एक म्हातारी तपासायच्या टेबलावर निजलेली. तिच्या छातीला नळी लावलेली, आणि बाई फोनवर ओरडतायत, "अहो, छातीतून पाखरं उडतात, तीच खरी! मी पाहिलीयत!"

म्हातारी ताडकन उठून बसली. "बाई, मला पाखरं नगं! मला नुसता खोकला हाय!"

*

पण एकदा गोष्ट हातघाईवर आली.

निवृत्तीभाऊंनी कांद्याची प्रतवारी सिनेमांना लावली. "ह्यो गोळा, ह्यो सुपर, ह्यो गोल्टी." आणि शेठच्या लाडक्या माशाच्या सिनेमाला म्हणाले, "ह्यो बदला." बदला म्हणजे सडका, फेकायचा माल!

शेठ पांढरे पडले. "भाऊ, माझी आई गेली त्या आठवड्यात मी तो सिनेमा पाहिला होता. फक्त त्या माशाचा आवाज ऐकून मला रडू आलं होतं." आणि खाली निघून गेले.

दोन रविवार माडी बंद. मग निमगाव सावाला एका लग्नात दोघं नेमके एकाच पंगतीत, शेजारी शेजारी. तोंडं दोन दिशांना. निवृत्तीभाऊंनी वाढप्याला हाक मारली, "पावणं, शेठला सांगा, मासा वर घेतला म्हणावं."

वाढपी घाबरला. शेठ जैन! तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, शुद्ध शाकाहारी सैपाक हाय, मासा कुठून वर आला?"

शेठना ठसका लागला. पाणी निवृत्तीभाऊंनीच दिलं.

*

गेल्या वर्षी निवृत्तीभाऊ गेले. उसाला पाणी धरून आले, ओट्यावर टेकले, ते टेकलेच.

आमची बैठक मोडली. नंबर कुणाशी भांडून लावायचे? आणि एका रविवारी अनुसयावैनी, त्यांच्या मंडळी, एसटीनं एकट्याच जुन्नरला आल्या. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "दर रविवारी काय बघाया येत व्हते, त्ये मला बी दाखवा."

इतकी वर्षं नंबरांवरून भांडलेले आम्ही तिघं, आणि एकच सिनेमा दाखवायची वेळ आली तर कुणाला नाव सुचेना! शेवटी शेठ हळूच म्हणाले, "नांगराचा लावा."

त्यात एक माणूस बैलजोडी घेऊन समुद्रात नांगर धरतो. लाटा उलटतात, पाण्यात नांगराचे तास पडतात, मिटतात. तो पुन्हा धरतो. मागून त्याची बायको मुठीनं दिवे पेरत जाते. बोलणं एक नाही.

वैनी शेवटपर्यंत हलल्या नाहीत. सिनेमा संपला. कुणी खिडकी उघडेना.

शेठनी सवयीनंच विचारलं, "वैनी, कितवा नंबर द्यायचा?"

वैनींनी पदर सावरला. "रोज सकाळी ह्यांना इचारायची, काय सपान पडलं व्हतं? 'काय न्हाई' म्हणायचे."

मग त्यांनी कोऱ्या मांजरपाटावरून हात फिरवला.

"एवढं व्हतं व्हय!"