कुलपातली बशी

"हात लावल्याशिवाय गोळी आत गेलीच कशी? सांग ना!" पाद्री अँब्रोज पेल्यू यांनी टेबलावर मूठ आपटली, तसा सुपाचा चमचा खाली पडला.

"मी फक्त शेगडी पेटवते, साहेब," मोलकरीण केझिया म्हणाली. "त्या काळ्या बशीकडे बघायचीसुद्धा भीती वाटते मला. बघितलं तरी ओरडता."

"आणि ही नवी रिबीन? एडिंबरोहून आली वाटतं?"

"जत्रेतून आली. माझ्या पगारातली."

पाद्र्यांची थोरली बहीण डॉर्कस समोर बसून दोघांचे चेहरे निरखत होती. रिबीन तिच्याही डोळ्यांत आधीच सलली होती. नॉरफोकमधलं हे बिनबायकोचं घर वीस वर्षं तिनेच चालवलं होतं. साखर कुलपात, चहा कुलपात, किल्ल्या कमरेला. अँब्रोजचं अक्षर कुणालाच लागत नसे, म्हणून त्याची पत्रंही तीच सुवाच्य उतरवून देई.

त्यामुळे पत्रांतला वाद तिला तोंडपाठ होता. अँब्रोजच्या मते पृथ्वी आतून पोलादासारखी घट्ट. एडिंबरोचे प्राध्यापक गिलफिलन लिहीत की, घट्ट दिसणारा खडकही भाराखाली फार सावकाश वाहतो. पटत नसेल तर डांबर घ्या. हातोडीने फुटेल इतकं कडक असतं, पण गार खोलीत त्यावर शिशाची गोळी ठेवा आणि वाट बघा.

त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून अँब्रोजने पानगळीच्या दिवसांत बशीभर डांबरावर गोळी ठेवली. आता ईस्टर आला होता आणि गोळी निम्मी आत गेली होती.

"तूच बशी शेगडीजवळ नेलीस," तो म्हणाला. "त्या माणसाने फितवलंय तुला. शनिवारी चालती हो. चांगल्या वागणुकीचा दाखलाबिखला काही मिळणार नाही."

केझियाचा चेहरा पांढरा पडला. पाद्र्याच्या घरातून दाखल्याविना काढलेल्या पोरीला कोण दारात उभं करणार?

डॉर्कस उठून कोठीकडे गेली. केझियाला पकडायची तयारी तिने कधीच करून ठेवली होती. उरलेलं डांबर दुसऱ्या बशीत ओतून, त्यावर तराजूतलं पितळी वजन ठेवून, ती बशी तिने मुरंब्याच्या बरण्यांमागे कुलपात टाकली होती. तेव्हापासून लोणी अंदाजाने तोलत होती, पण कुणापाशी बोलली नव्हती. कुलपातलं वजन वरच राहिलं की केझियाची लबाडी उघडी पडणार होती.

तिने बरण्या बाजूला केल्या. वजनाची नुसती मूठ वर दिसत होती.

तिने बशी आणून भावापुढे ठेवली. "कोठीत शेगडी नाही. किल्ली माझ्या कमरेला. मीही हिच्यावरच संशय घेतला होता, अँब्रोज."

तो बशीवर वाकला. मग त्याची नजर तिच्या कमरेवर आली.

"रात्री कुठे असते ही किल्ली?" त्याने हळूच विचारलं. "आणि गिलफिलनची पत्रं तू जरा जास्तच मन लावून वाचतेस, नाही का?"

"अहो साहेब!" केझियाच्या तोंडून निघून गेलं.

डॉर्कसने खाली पडलेला चमचा उचलला, पुसला आणि त्याच्या ताटाशी ठेवला.

"केझिया इथेच राहणार," ती म्हणाली. "आणि आजपासून तुझी पत्रं तूच लिहायची, अँब्रोज. तुझ्या अक्षरात."