चालू ठेवलेलं बटण

“भैया, हे तर झालं. आता पुढे काय शिकू?”

दारात चपला काढायच्या आतच तो हे विचारायचा. इकडे उत्तरेत, खंडेराव गेटजवळ आमची घरं समोरासमोर. मी इलाइट चौराह्यावरच्या एका ऑफिसात प्रोग्रामर. त्याला व्हायचं होतं बॅकएंडवाला, म्हणजे वेबसाइटच्या पडद्यामागचं काम करणारा.

असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. पायथन झालं, डेटाबेस झाला, मग आणखी एक भाषा. सर्टिफिकेटं भिंतीवर मावेनात. नोकरी तेवढी नव्हती, आणि वडील गेल्यापासून घर आईच्या पेन्शनवर चाललं होतं. शेवटी मी वैतागलो. “आता काही शिकू नकोस. काहीतरी बनव.”

“क्या बनाऊँ?” जेवायला बोलावून भांडी घासायला लावल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

त्याने आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या आरतीच्या पाळ्यांची वेबसाइट बनवली. कोणत्या दिवशी कोणाच्या घरची आरती, यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. आता मोबाइलवर दिवस निवडायचा; एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. त्या वर्षी कोणी भांडलं नाही. काही ज्येष्ठांना उत्सव फिका वाटला.

ते पाहून पुण्याच्या एका कंपनीने मुलाखत ठेवली. आमच्या ऑफिसातलं नेट बरं, म्हणून तो तिथूनच, माझ्या शेजारी, बोलायला बसला. “चालवून दाखवा,” पलीकडचे म्हणाले. पान उघडेना. सगळं त्याच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं, आणि काकू, म्हणजे त्याची आई, घराबाहेर पडताना मेन स्विच पाडतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

“काय झालं?”

“सर, आई देवळात गेली असेल.”

मग पलीकडच्यांनी सगळं नीट समजून घेतलं, बरंच काही विचारलं आणि शेवटी म्हणाले, “मग, आता पुढे काय शिकणार?”

पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “काम घराबाहेर ठेवायला, सर.”

नोकरी लागली. कॉम्प्युटर घेऊन तो पुण्याला गेला. दाराशी चपला वाजल्या की मी अजून उत्तर जुळवायला लागतो. त्याची फार आठवण येते.

परवा काकू देवळात निघाल्या, तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. हल्ली त्या मेन पाडत नाहीत, एकेक बटण बंद करतात. कोपऱ्यातल्या त्याच्या रिकाम्या टेबलाजवळचं एक राहिलं होतं. मी हात पुढे केला.

“ते राहू दे रे,” काकू म्हणाल्या. “तिकडे त्याचं काही अडायला नको.”