पहिल्याच रिंगला

वर्तकनगरच्या घरात माळा आवरताना आज जुना मोडेम हाती लागला. धुळीखाली तोच करडा, गुळगुळीत डबा.

मानपाड्याच्या कारखान्यात बाहेरगावच्या शाखा फोनवरून सर्व्हरला जोडायच्या होत्या, म्हणून मी या मोडेमला हुकूम देणारी स्क्रिप्ट लिहिलेली: पहिल्याच रिंगला फोन उचल, शिट्टी वाजव, समोर मोडेम नसेल तर तोड. घरी तोच नंबर दिलाय, हे विसरलेलो.

स्क्रिप्ट सुरू केली त्याच दुपारी स्क्रीनवर तीन कॉल तुटलेले दिसले. स्क्रिप्ट चालली, म्हणून खुशीत कटिंग चहा मागवला.

संध्याकाळी कोपरला, तेव्हाच्या आमच्या घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. आई म्हणाली, "अरे, तीनदा फोन केला. नुसती शिट्टी ऐकू यायची. बाबा शेवटपर्यंत तुझं नाव घेत होते रे."

तेव्हा रडू आलं नाही, आजही नाही. स्क्रिप्ट मात्र ओळ न ओळ आठवते.