विंगेत उभी असताना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वेळ आली नाही असं नाही. आली, दोन-तीनदा आली, आणि दरवेळी मी विषय बदलला. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही. तुम्हालाच का सांगतेय? तेही नीट ठाऊक नाही.

शहाद्याला मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. यंदा मुलांना एक नाटक शिकवून झालं, म्हणून त्यांना एक पान लिहायला सांगितलं. नाटक शिकताना तुम्हाला काय वाटलं, ते लिहा. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, नाव नाही लिहिलं तर चालेल का?" मी जोरात म्हणाले, "नाही चालणार. प्रत्येकानं नाव लिहायचं." मुलं लगेच नावं लिहायला लागली. त्यांना वाटलं, मी चिडले. मी चिडले नव्हते — घाबरले होते.

कारण असंच एक पान आम्हीही लिहिलं होतं. बीएच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या देवरे मॅडमच्या सांगण्यावरून. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, नाव घालू नका, म्हणजे मोकळेपणानं लिहाल, असं त्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही पानं वर्गात वाचून दाखवली. त्यातलं एक मराठीत होतं. ते मला अजून पाठ आहे.

"आमच्या वर्गात एक मुलगी संवाद फार छान आवाजात वाचते. पण तिला त्यातलं काही कळत नाही. कुठे हसायचं, ते ती मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते."

आधी वर्गात हशा पिकला. मग एकेक मान माझ्याकडे वळली. मॅडमच्या लक्षात आलं, त्यांनी घाईनं पुढचं पान घेतलं. पण व्हायचं ते झालं होतं. आणि खरं सांगू? त्या पानात एक शब्द खोटा नव्हता. मी तसंच करत होते.

कुणी लिहिलं? त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. कोण माझ्याशी बोलताना खाली बघतं, कोण मी आल्यावर गप्प होतं — मी सगळ्यांना तपासायला लागले. नोट्स हव्यात असं सांगून दोघी-तिघींच्या वह्या घरी नेल्या. मॅडमनी पान स्वतःकडे वळवून धरलं होतं, अक्षर मला दिसलंच नव्हतं. तरी मी वह्या चाळत बसले.

नंदा माझ्याच गावची, सारंगखेड्याची. पहिलीपासून आम्ही बरोबर. एसटीत ती माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरायची. तीच एकदा गाडीत म्हणाली, "तुन्हा शेजारे कोण बठस? तिनीच लिखेल व्हई."

माझ्या शेजारी जमुना बसायची.

जमुना धडगावच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यातली. घरी पावरी बोलणारी, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, इंग्रजी त्याच्याही नंतर. शहाद्याला मुलींच्या वसतिगृहात राहायची. मी घरी अहिराणी बोलायचे, ती पावरी, म्हणून आम्ही दोघी एकमेकींशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचो आणि त्याचं आम्हालाच हसू यायचं. ती मला अडलेले शब्द विचारायची. मी ठोकून द्यायचे. ती मान हलवायची, आणि नंतर मला दिसायचं — गुपचूप डिक्शनरीत बघून माझा अर्थ खोडलेला. म्हणजे मला किती कळतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पान वाचलं तेव्हा ती हसली नव्हती. का नव्हती हसली? हसली असती, तर तेही मी तिच्याच नावावर लावलं असतं. हे आज कळतं.

तेवढ्यात गॅदरिंग आलं. देवरे मॅडमनी स्वतः एक छोटं इंग्रजी नाटक लिहिलं होतं. कोर्टात साक्ष द्यायला आलेली एक बाई — सगळं नाटक तिच्यावर. मला वाटलं, मीच. आवाज माझा चांगला. मॅडमनी जमुनाला घेतलं. मला म्हणाल्या, "तुझे उच्चार स्वच्छ आहेत, तू प्रॉम्प्टिंग कर."

जमुनाची तालीम बघितली तेव्हा मॅडम बरोबर होत्या हे मला समजलं होतं. ती वाक्य म्हणायची तेव्हा कोर्टात खरंच कुणी बाई उभी आहे असं वाटायचं. फक्त एका जागी ती अडकायची. जज्ज विचारतो, तू तिथे काय करत होतीस? तिथे दरवेळी तिचं डोकं कोरं व्हायचं. ती मला म्हणाली, "बाकी सगळं मला येतं. तेवढ्या ठिकाणी तू पहिले दोन शब्द दे. मी तुझ्याकडेच बघेन."

मी म्हणाले, "देते की."

गॅदरिंगच्या दिवशी तिचे आई-वडील आले होते. त्या हंगामात ते पुरुषोत्तमनगरकडे ऊसतोडीला होते. एका दिवसाची मजुरी सोडून आले. हॉलच्या मागच्या भिंतीशी, खुर्च्या रिकाम्या असूनही, उभेच होते. मीच जाऊन त्यांना बसवलं. हेही सांगायला हवं ना? त्या दिवशी मी सगळ्यांशी फार चांगली वागत होते.

दुपारचा खेळ. जमुना छान बोलत होती. जज्जचं काम करणाऱ्या मुलानं तो प्रश्न विचारला. ती थांबली. मग ठरल्याप्रमाणे माझ्याकडे बघितलं.

मी विंगेत, नाटकाची वही माझ्या हातात होती. ओळीवर माझं बोट होतं. ती माझ्यापासून चार पावलांवर.

मी बोलले नाही.

विसरले नव्हते, गडबडले नव्हते. मी तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिले आणि मनात म्हणाले — आता तू बघ माझ्या चेहऱ्याकडे. तिनं पुन्हा बघितलं. ओठ हलवून विचारलं. मी ओठसुद्धा हलवले नाहीत. मग हॉलच्या मागून कुणीतरी शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले. त्या मुलानं प्रसंग ओळखून पुढचं वाक्य घेतलं. नाटक कसंबसं संपलं. पण त्यानंतर तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचला नाही.

आत आल्यावर ती मला काय म्हणाली असेल? मी तर भांडणाच्या तयारीत होते.

"तू शब्द दिलेस ना? मला ऐकूच आलं नाही गं."

माझ्यासाठी खोटं तिनंच तयार करून आणलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "दोनदा दिले."

तिनं विश्वास ठेवला. पुढच्या आठवड्यात ती कान दाखवायला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांना काही सापडलं नाही, तरी थेंब लिहून दिले. ती ते रोज घालायची. माझ्या शेजारून उठून पहिल्या बाकावर जाऊन बसली — माझ्यावर रागावून नाही, नीट ऐकू यावं म्हणून. तिसऱ्या वर्षाला तिनं इंग्रजी सोडून भूगोल घेतला. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला कमी ऐकू येतं. उच्चार कळत नाहीत." मी तिथेच उभी होते.

आणि ते पान? दुसऱ्या वर्षाच्याच परीक्षेआधी मॅडमनी सगळी पानं टेबलावर ठेवली, ज्याचं त्यानं घ्या म्हणाल्या. सगळे गेल्यावर मी ते शोधलं; ते कुणीच उचललं नव्हतं. अनुस्वाराच्या जागी टिंब नाही, बारीक गोल. असा गोल आमच्या वर्गात एकच मुलगी काढायची. मी पहिलीपासून बघत आले होते.

नंदा.

पान मी घरी नेऊन पाणी तापवायच्या बंबात जाळलं. नंदाला एका शब्दानं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी एसटीत तिनं शेंगदाणे पुढे केले, मी खाल्ले. तिच्या लग्नात वाढायला उभी होते. तिच्याशी भांडले असते तर गावात बोभाटा झाला असता, घरापर्यंत गेलं असतं. जमुनाचं कोण होतं विचारायला? संशय तिच्यावर धरताना मला पुरावा लागला नाही, आणि शिक्षा देतानाही लागला नाही. ती डोंगरातली होती, म्हणून हे इतकं सोपं गेलं. दुसरं कारण मी खूप शोधलं. नाही सापडलं.

मागच्या वर्षी शहाद्याच्या स्टँडवर जमुना भेटली. आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीला म्हणाली, "ही माझी मैत्रीण. कॉलेजात इंग्रजी शिकवते." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "ते नाटक आठवतं? तू बिचारी दोनदा शब्द दिलेस, आणि मी बहिरी!"

ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असेल का? इतक्या वर्षांत एकदाही शंका आली नसेल? मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. काही दिसलं नाही. आणि खरं सांगायला वेळही पुरेसा होता. धडगावची गाडी अजून लागायची होती.

मी म्हणाले, "अगं, तुझा काय दोष? हॉलमध्ये गोंगाटच किती होता त्या दिवशी."

ती म्हणाली, "हो, तेही आहेच."

गाडी लागली. तिनं मुलीला आधी चढवलं, मग स्वतः चढली, आणि खिडकीतून मला हात केला. मीही केला.

गोंगाट नव्हता. ती थांबली तेव्हा अख्खा हॉल चिडीचूप होता. मी नुसती कुजबुजले असते, तरी तिला ऐकू गेलं असतं.