जगाचे प्रश्न आणि वरची खोली

विचार करायला म्हणून माणसं एकत्र बसली की विचार फारसे साठत नाहीत, किस्से मात्र साठतात. जुन्नरला आमची शुक्रवारची बैठक सहा वर्षं चालू आहे. या सहा वर्षांत कोणते विचार मांडले गेले असं कुणी विचारलं तर मला वही उघडावी लागेल. किस्से तोंडपाठ आहेत.

बैठकीत माणसं चार. दाऊदचाचा टेलर, वय पंच्याहत्तर. खिलाफत बुडाली त्याला बराच काळ लोटला हे त्यांना ठाऊक आहे, पण पटलेलं नाही. सादिक वकील जुन्नर कोर्टात प्रॅक्टिस करतो. त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेत सापडतं. रफिकभाई टोमॅटोचे व्यापारी, आणि आमच्या मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष. ते कुणाशीच असहमत होत नाहीत, म्हणून तर सदर आहेत. चौथा मी, तहसील कचेरीतून रिटायर झालेला अव्वल कारकून. नोकरी गेली, पण ‘भाऊसाहेब’ ही हाक अजून राहिली आहे.

शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज झाली की मशिदीच्या आवारातल्या वरच्या खोलीत बसायचं. इस्लामला कसं राज्य अपेक्षित आहे, लोकशाही त्यात बसते का, आजच्या जगात मुसलमानानं कसं वागावं, असे आमचे विषय. चाचा उर्दूत सुरुवात करतात आणि राग आला की जुन्नरच्या मराठीत येतात. साधारण दहा मिनिटं लागतात.

या बैठकीला विरोधी पक्षही आहे. झुबेदा आपा, उर्दू शाळेच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका. जगाचे प्रश्न सुटतात की नाही याच्याशी त्यांना काही घेणं नाही. त्यांना ती खोली पाहिजे. मोहल्ल्यात बारावीच्या सात पोरी आहेत आणि घरात अभ्यासाला कोपरा नाही. त्यातली सानिया गॅरेजवाल्याची. खाली दिवसभर मोटरसायकली रेस होतात आणि वर दोन खोल्यांत सात माणसं. तिच्या बापानं सांगून टाकलंय, नर्सिंगला लागण्याइतके मार्क पडले तर शिक, नाहीतर मंचरचं स्थळ तयार आहे.

आपांनी हे सांगितलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. वाईट वाटलं आणि मी समोरचा चहा घेतला. आम्ही चौघांनी खोली द्यायला एकमतानं पाठिंबा दिला. अडचण एकच होती, जिना. नमाजाआधी पुरुष हातपाय धुऊन वजू करतात त्या हौदाला लागून तो वर जातो. नमाजाला पुरुष जमलेले असताना त्याच जिन्यावरून पोरींनी ये-जा कशी करायची? चाचा म्हणाले, “खोली घ्या आपा. जिन्याचं तेवढं बघू.”

०

चहावरून आठवलं. बैठक शूरा पद्धतीनं, म्हणजे सगळ्यांच्या सल्ल्यानं चालवायची असं आमचं ठरलं. पहिला विषय सोपा घेतला, चहा साखरेचा मागवायचा की बिनसाखरेचा? रफिकभाईंना शुगर आहे.

वकील म्हणाला, “हात वर करा. बहुमत.”

चाचा भडकले. शूरा म्हणजे बहुमत नव्हे. अमीरानं, म्हणजे प्रमुखानं, सगळ्यांचं ऐकायचं आणि निर्णय स्वतः घ्यायचा. वकिलानं विचारलं, ऐकून घेतलेला सल्ला अमीरावर बंधनकारक आहे की नाही? आता हा प्रश्न खरोखरच जुना आहे, त्यावर मोठमोठे विद्वान भांडलेले आहेत. आम्हाला त्यात तीन शुक्रवार गेले.

तिन्ही शुक्रवारी खालच्या हॉटेलातल्या बाळूभाऊनं नेहमीचाच चहा वर पाठवला आणि सगळ्यांनी तो प्यायला. रफिकभाईंनीसुद्धा.

तिसऱ्या शुक्रवारी वकील कप खाली ठेवून म्हणाला, “सरकार कुणाचं का असेना, राज्य बाळूभाऊचंच आहे.”

०

जिन्याचा प्रश्न कागदावर सोडवायचं काम माझ्याकडे आलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी याहून अवघड प्रश्न कागदावर सोडवले होते. मी पाच नमाजांच्या वेळा मांडल्या. प्रत्येक नमाजाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास माणसं हौदाशी असतात, तो वेळ वगळला. संध्याकाळ तर सगळीच गेली, कारण मगरिब आणि इशा एकमेकांना लागूनच येतात. दुपारची जोहर ते उन्हं कलतानाची असर यांच्या मध्ये खोलीत मदरशाचा वर्ग असतो, शुक्रवारी आम्ही. उरलेला वेळ लाल शाईनं अधोरेखित केला आणि सुबक अक्षरात तक्ता आपांना नेऊन दिला. खोली सकाळी सात ते बारा पोरींना मिळत होती.

आपांनी तक्ता चष्मा लावून वाचला. मुख्याध्यापिकेच्या सवयीनं एका ठिकाणी माझा काना दुरुस्त केला.

“भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या, “सात ते बारा पोरी कॉलेजात असतात.”

मी म्हणालो, “हो का?”

“म्हणजे पोरी नसतील तेव्हा खोली पोरींची.”

कमिटीनं तो तक्ता मंजूर केला. नोटीस बोर्डावर अजून आहे.

०

एका शुक्रवारी आम्ही जगातल्या मुसलमानांच्या ऐक्यावर बसलो होतो. चाचा रंगात होते. सगळी उम्मत एक झाली पाहिजे, निदान ईद तरी जगभर एकाच दिवशी व्हावी, असा त्यांचा आग्रह. मी वहीत ठराव लिहून घेतला. खाली चौघांच्या सह्या झाल्या.

त्याच वर्षी चंद्र ढगात अडकला. मंचरला दिसल्याची ग्वाही मिळाली, आमच्याकडे ती पोचेपर्यंत वाद झाला आणि जुन्नरची ईद एक दिवस मागे पडली. चाचांची लेक मंचरला दिलेली. जावयाचा फोन आला की शिरखुर्मा तयार आहे, या. इकडे चाचांचा रोजा!

वकिलानं मुद्दाम वही मागवली आणि चाचांचा ठराव चाचांनाच वाचून दाखवला.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आदी जगाचं एक व्हऊ दे,” ते म्हणाले, “मंग मंचरचं बघू.”

०

जगाचं ओझं चाचांवर लोकही टाकतात. एकदा मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. लोणी गावचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. भला माणूस, चाचांकडेच कपडे शिवतो, ईदेला येऊन जेवून जातो. पण सकाळीच टीव्हीवर परदेशातल्या कुठल्यातरी लढाईच्या बातम्या पाहून आला होता.

“चाचा,” तो बाकावर बसत म्हणाला, “तिकडं तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय राव? लई वाईट वाटलं बघा.”

मला वाटलं आता चाचा खिलाफतीपासून सुरू करणार. असं काही विचारलं की पूर्वी ते करायचेही. तेव्हा त्यांना वाटायचं की समजावून सांगितलं की माणसाला कळतं. आता थकले आहेत. हा प्रश्न मलाही कचेरीत टेबलावर कित्येकदा आलेला आहे, आणि दरवेळी आत काहीतरी दुखतं. विचारणारा भला असला की जास्त दुखतं.

चाचांनी दोरा दातानं तोडला.

“पावणं, तुमची विजार पंधरा दिसांपूर्वी द्यायची व्हती, ती अजून मशिनीवर हाय,” ते म्हणाले. “ती झाली की तिकडचं हातात घेतो.”

०

पुण्याहून एका प्राध्यापकांना आम्ही व्याख्यानाला बोलावलं. विषय ‘आधुनिक जग आणि मुसलमानांसमोरील आव्हाने’. व्याख्यान वरच्या खोलीतच ठेवलं. जिन्यामुळे बायकांना वर येता येणार नव्हतं, म्हणून त्यांची सोय शेजारच्या ओसरीवर स्पीकर लावून केली.

प्राध्यापक उत्तम बोलले. आव्हानं सात आहेत, म्हणाले. पहिलंच आव्हान मुलींचं शिक्षण. दहावी-बारावीच्या टप्प्यावर आपल्या मुली शाळेबाहेर फेकल्या जातात, आणि याला बाहेरचे जितके जबाबदार तितकेच आपण घरातले. आम्ही कडकडून टाळ्या वाजवल्या. सदर तर उभे राहिले.

तिसरं आव्हान संपता संपता ओसरीवरून एक चिठ्ठी वर आली. आपांचं अक्षर मी ओळखलं, पण तोवर ती प्राध्यापकांच्या हातात गेली होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

“खोली किती वाजता रिकामी होईल?”

बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, खोलीची वेळ संपली. त्यांनी घड्याळ पाहिलं, माफी मागितली, उरलेली चार आव्हानं थोडक्यात अशी की, असं म्हणून दोन मिनिटांत आटोपलं आणि खाली उतरले. ती चार कोणती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

०

मग बाहेरून लोखंडी जिना करायचा ठरला. वेगळा जिना म्हणजे प्रश्नच मिटला. अवसरी बुद्रुकच्या एका फॅब्रिकेटरला बोलावलं. तो कांद्याच्या चाळी करतो. टेप, खडू घेऊन आला आणि मागच्या भिंतीला माप लावायला लागला.

चाचा म्हणाले, जिना रस्त्याकडून दिसता कामा नये. सदर म्हणाले, हौदाकडूनही दिसायला नको. मी म्हणालो, शेजारच्या गच्चीवरून दिसेल, पत्रा मारावा लागेल. वकिलानं नगरपालिकेच्या परवानगीचा मुद्दा काढला. फॅब्रिकेटर दीड तास टेप धरून उभा होता.

शेवटी त्यानं टेप गुंडाळली. “भाऊ, चढायचा जिना मी चार दिसात करून देतो,” तो म्हणाला. “दिसायचा न्हाई असा जिना मला येत न्हाई.”

परवानगीचा अर्ज मी केला. तो अजून नगरपालिकेत आहे, आणि कचेऱ्या मला ठाऊक आहेत.

०

बारावीची परीक्षा अकरा दिवसांवर आली. सानियाच्या बापानं मंचरच्या पाहुण्यांना ‘परीक्षा झाली की या’ असा निरोप दिल्याचं आमच्या कानावर आलं. त्या शुक्रवारी नमाज संपवून आम्ही चौघे नेहमीसारखे जिना चढून गेलो. चाचांचा विषय होता, आजच्या मुसलमानांचं नेतृत्व कुणी करावं.

वरच्या पायरीवर चपलांचे सात जोड होते. आठवा जोड आपांचा. दार आतून बंद.

चाचांनी कडी वाजवली. आतून आपांचा आवाज आला, “सराव पेपर चालू आहे.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हौदाशी इतकी माणसं, आवारात इतकी माणसं, या वर आल्या कधी? चाचांनी दाराला तोंड लावून तेच विचारलं.

“नमाजाला जमात उभी राहिली तेव्हा,” आपा आतून म्हणाल्या. “तुम्ही झाडून सगळे रांगेत होता. तोंडं पश्चिमेला, किब्ल्याकडं. जिन्यावर चिटपाखरू नव्हतं.”

मी मनातल्या मनात माझा तक्ता पाहिला. पाचही नमाजांच्या वेळा मी त्यातून वगळल्या होत्या.

आत जाता येईना, घरी जाववेना. आम्ही जिन्यातच बसलो. चाचा वरच्या पायरीवर, त्यांच्या खाली वकील, मग सदर, मग मी. हे रीतीला धरून झालं की नाही यावर चर्चा सुरू झाली. चाचा म्हणाले, कमिटीला न विचारता पाऊल उचललं. वकील म्हणाला, मूलभूत हक्काला कमिटी कशाला विचारायची? सदर दोघांनाही हो म्हणाले. मग शूरा निघाली, मग अमीर निघाला. चाचा मराठीत आले, आवाज चढले. नमाज आटोपून घरी गेलेली काही माणसं परत हौदाशी येऊन वर बघू लागली.

दीड तासानं दार उघडलं. दप्तरं पाठीला लावून सात पोरी उभ्या होत्या. पुढे सानिया.

“असरच्या जमातीला उतरणार होतो,” आपा मागून म्हणाल्या. “पण तुमच्या आवाजात पोरींना रिव्हिजन होईना.”

सानियानं चाचांकडे पाहिलं.

“चाचा, उतरायचंय,” ती म्हणाली.

चाचा गुडघ्यावर हात देऊन उठले. ते उठले तसे आम्हीही उठलो आणि चौघेही भिंतीला चिकटून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. पाठीमागून एकेक पोर उतरत गेली. शेवटी आपांच्या चपला वाजल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

“उद्यापासून रोज,” त्या म्हणाल्या. “जोहरला चढणार, असरला उतरणार. मदरशाचा वर्ग ओसरीवर घ्या.”

चपला खाली गेल्या. आम्ही अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होतो.

“वकील,” चाचा भिंतीला म्हणाले, “जिना रुंद हाय की रं.”